एकत्र म्हणजे बेरीज ना?

तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर, दुपारची सुट्टी संपता संपता, एक बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर चौघडी घातलेलं वर्तमानपत्र, आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत चाललेला. बातमी तिच्या भावाच्या निकालाची होती. एका कलमाखाली पाच वर्षं, दुसऱ्याखाली तीन, तिसऱ्याखाली एक, आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य: ‘या सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत.’ पेरं मोजून झाली तेव्हा आकडा नऊवर थांबला होता. वकिलांचा कारकून नकलेचे कागद घेऊन पायऱ्या उतरत होता, त्याला तिनं हाक मारली. तो म्हणाला, ‘नऊ कुठले मावशी, पाचच.’ चार वर्षं एका वाक्यात कमी झाली, तरी तिचा चेहरा खुलला नाही. उलट त्यावर संशय आला, कुणीतरी बरं वाटावं म्हणून खोटं सांगतंय असा. तिनं बातमीवर बोट ठेवलं. ‘इथं तर एकत्रित लिहिलंय. एकत्र म्हणजे बेरीज ना?’

प्रश्न मराठीचा होता, आणि मराठीपुरतं बघायचं तर तिचंच बरोबर होतं.

‘एकत्र’मधला शेवटचा ‘त्र’ जागा सांगतो. अत्र, तत्र, अन्यत्र, सर्वत्र, ही सगळी ठिकाणं आहेत. काळ सांगणारा प्रत्यय वेगळा, ‘दा’: सदा, सर्वदा, यदाकदा, एकदा. संस्कृतात ‘एकदा’ला दोन अर्थ होते, ‘एके दिवशी’ आणि ‘एकाच वेळी’. मराठीत येता येता दुसरा अर्थ गळून पडला आणि ‘एकदा’ म्हणजे ‘एके दिवशी’ किंवा ‘एक वेळ’ एवढंच उरलं. म्हणजे काळाच्या एकपणासाठी घडवलेला शब्द दुसऱ्याच कामाला लागला आणि त्याच्या जागेवर शेजारचा ‘एकत्र’ येऊन बसला. पण तो आला तो आपली सवय घेऊन आला. एकत्र कुटुंब म्हणजे एक चूल, एक छप्पर. डाळ-तांदूळ एकत्र करून धुतले की ते एका पातेल्यात असतात. आणि ‘एकत्रित’ म्हटलं की हिशेब सुरू होतो. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत जो अर्ज भरतात त्यात ‘कुटुंबाचे एकत्रित वार्षिक उत्पन्न’ विचारतात. तिथं नवऱ्याची मजुरी, बायकोची शिलाई, थोरल्या मुलाचा पगार, सगळं मिळवून एक आकडा लिहावा लागतो. कोर्ट आणि तहसील कचेरी बहुतेक ठिकाणी हाकेच्या अंतरावर असतात. इकडच्या खिडकीवर ‘एकत्रित’ म्हणजे बेरीज, आणि तिकडे निकालपत्रात ‘एकत्रित’ म्हणजे नेमकं बेरीज न करणं. उत्पन्नाचा दाखला काढताना कुठल्याही बाईनं हा शब्द एकदा तरी ऐकलेला असतो. तिनं तोच अर्थ लावला, दुसरा कुठून लावणार?

मूळ इंग्रजी शब्द आहे ‘कन्करंट’. शिक्षा ‘कन्करंटली’ भोगायच्या, असं न्यायाधीश लिहितात. त्या शब्दाच्या पोटात लॅटिनचं धावण्याचं क्रियापद आहे, आणि सुरुवातीचा ‘कन्’ म्हणजे बरोबर, जोडीनं. जोडीनं धावणं. तिन्ही शिक्षा एकाच दिवशी एकाच रेषेवरून सुटतात. एक वर्षाची पहिल्या वर्षाअखेर संपते, तीनची तिसऱ्या वर्षाअखेर, आणि पाचची पाचव्या. तुरुंगाच्या दारातून माणूस बाहेर पडतो तो सगळ्यात लांब शिक्षेच्या शेवटी. याच्या उलट ‘कन्सेक्युटिव्ह’, म्हणजे एक संपली की दुसरी सुरू, तेव्हा नऊ वर्षं. कोर्टाच्या मराठीत याला ‘एकापाठोपाठ एक’ म्हणतात आणि ते शब्द कुणालाच अडत नाहीत, कारण पाठोपाठ चालणं डोळ्यांसमोर उभं राहतं. अडतो तो पहिला.

यातला कायदा थोडका आहे, पण त्याच्या कडा धारदार आहेत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३१व्या कलमाप्रमाणे एकाच खटल्यात अनेक गुन्हे शाबीत झाले आणि न्यायालय काहीच बोललं नाही, तर शिक्षा एकापाठोपाठ एक चालत. बरोबरीनं चालवायच्या असतील तर तसं लिहावं लागे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २५व्या कलमानं ही जबाबदारी न्यायालयावरच टाकली: गुन्ह्यांचं गांभीर्य बघून एकदम की पाठोपाठ, ते आदेशात सांगायचंच. आरोपी आधीच दुसऱ्या खटल्यातली शिक्षा भोगत असेल तर मात्र नियम वेगळा. तिथं नवी शिक्षा जुनी संपल्यावर सुरू होते, न्यायालयानं मुद्दाम उलटं सांगितलं नाही तर. जन्मठेपेचं आणखी निराळं. दोन खून शाबीत झाले म्हणून दोन जन्मठेपा एकामागून एक लावता येत नाहीत, माणसाला आयुष्य एकच असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं २०१६ मध्ये मुथुरामलिंगम खटल्यात हे स्पष्ट केलं. आणि दंड? ‘दंड न भरल्यास आणखी तीन महिने साधी कैद’ हे वाक्य बातमीत असतं, आणि नातेवाइकांना वाटतं की तेही ‘एकत्रित’मध्ये विरघळलं. तसं होत नाही. दंडापोटीची कैद नेहमी मूळ शिक्षेच्या वर, शेवटाला जोडली जाते. याउलट खटला चालू असताना कोठडीत काढलेले दिवस पाच वर्षांतून वजा होतात. म्हणजे एकाच कागदावर एक आकडा गिळायचा, एक मिळवायचा आणि एक वजा करायचा, आणि या तीन क्रियांपैकी बातमीत फक्त एकीचं नाव येतं, तेही चुकीच्या शब्दानं.

बातमी लिहिणाऱ्यानं काय लिहावं? ‘एकाच वेळी भोगायच्या’ हे ‘एकत्रित’पेक्षा खूप बरं. ‘समवर्ती’ शुद्ध आहे पण पायऱ्यांवर बसलेल्या माणसाला त्याचा उपयोग नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे शब्दाच्या नादी न लागता निष्पत्ती लिहायची: ‘तिन्ही शिक्षा एकाच दिवसापासून सुरू होतील, त्यामुळे प्रत्यक्ष कैद पाच वर्षांची.’ यानं ओळ लांबते, जागा लागते, उपसंपादक कापतो. पण ज्याच्या घरातला माणूस आत गेलाय तो हीच ओळ शोधत असतो.

‘कन्करंट’ला मराठीत एकच प्रतिशब्द देता येत नाही, कारण इंग्रजीतही तो एक शब्द राहिलेला नाही. दहावीच्या पोराला विचारा, तो ‘एकसंपाती’ म्हणेल. त्रिकोणाच्या तीन मध्यगा एका बिंदूत मिळतात, तिन्ही शिरोलंब एका बिंदूत मिळतात, त्या रेषा एकसंपाती. इथं घड्याळाचा संबंधच नाही, रेषा एका ठिकाणी येऊन पडतात एवढंच. ‘संपात’मध्ये पडणं आहे, वसंतसंपातात आहे तेच. स्पर्धा परीक्षेच्या पोराला विचारा, तो ‘समवर्ती सूची’ म्हणेल. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतली तिसरी यादी, जिच्यातल्या विषयांवर संसदही कायदा करू शकते आणि विधिमंडळही. १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं शिक्षण, वनं, वन्यप्राण्यांचं संरक्षण, वजनंमापं आणि न्यायदानाची व्यवस्था हे विषय राज्यांच्या यादीतून उचलून या यादीत ठेवले. इथंही ‘एकाच वेळी’ नाही. केंद्रानं कायदा १९८६ मध्ये केला आणि राज्यानं २००६ मध्ये, तरी विषय समवर्तीच. इथलं बरोबरीनं धावणं अधिकारांचं आहे, आणि दोघं एकमेकांवर आदळले तर काय करायचं त्यासाठी २५४वा अनुच्छेद बसलेलाच आहे. दुसऱ्या अपिलात वकील ‘कन्करंट फाइंडिंग्ज’ म्हणतात, म्हणजे खालच्या दोन्ही न्यायालयांनी काढलेला एकसारखा निष्कर्ष. त्या दोन निकालांत सात-आठ वर्षांचं अंतर असू शकतं. त्याचं ‘एकाच वेळी काढलेले निष्कर्ष’ असं भाषांतर केलं की वाक्य व्याकरणात उभं राहतं आणि अर्थात कोसळतं. ‘दोन्ही न्यायालयांचे एकसारखे निष्कर्ष’ एवढं पुरतं.

‘समवर्ती’बद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. हा शब्द संविधानासाठी कुणी टाकसाळीत पाडलेला नाही. अमरकोशात तो आहे, ‘धर्मराजः पितृपतिः समवर्ती परेतराट्’, आणि तिथं तो यमाचं नाव आहे. सगळ्यांशी सारखा वागतो तो समवर्ती. राजा असो, रंक असो, त्याच्या दारी वागणूक एक. शिक्षेच्या संदर्भात हा शब्द वापरायचा तर त्याचं हे जुनं नातं आठवून अंगावर काटा येतो.

दुसरा शब्द ‘सायमल्टेनियस’. त्याचं मूळ लॅटिनचं ‘सिमुल’, आणि ते आपल्या ‘सम’चं सख्खं भावंड आहे. इंग्रजीचा ‘सेम’ही त्याच घरातला. शाळेत तो भेटतो ‘एकसामयिक समीकरणे’ म्हणून. क्ष आणि य यांची बेरीज चौदा, वजाबाकी दोन. ही दोन समीकरणं एकाच क्षणी घडत नाहीत, घडायला ती काही घटना नव्हेत. अर्थ इतकाच की क्ष आठ आणि य सहा ही एकच जोडी दोन्हींना एकदम पुरी पडते. मुलांना ते ‘सामयिक’मुळे कळत नाही, आणि वहीत निम्म्या वर्गानं ‘एकसामायिक’ लिहिलेलं असतं. गुरुजी लाल शाईनं मा कापतात. खरं तर ती चूक फार शहाणी आहे. ‘सामायिक’ म्हणजे वाटणी न झालेलं, सगळ्यांचं मिळून: सामायिक विहीर, सामायिक बांध, सातबाऱ्यावरचं सामायिक खातं. त्या दोन समीकरणांची उकल ही त्यांची सामायिक मालमत्ताच असते. आलेखावर दोन रेषा काढल्या की ज्या बिंदूत त्या छेदतात तो बिंदू दोघींचा. सामायिक विहिरीवर दोन्ही भावांचं पाणी चालतं तसा. सामयिक म्हणजे वेळेचं, सामायिक म्हणजे मालकीचं. एका कान्याच्या फरकात मराठीनं काळ आणि हक्क वेगळे ठेवलेत, आणि मुलाचा हात नकळत हक्काकडे जातो.

पुस्तकं मिटून बोलण्यातली मराठी ऐकावी. तिथं एकाच वेळी घडणाऱ्या गोष्टींसाठी इतकी साधनं आहेत की पारिभाषिक शब्दांची कीव यावी.

‘एकदम’ फारसीतून आला. ‘यकदम’, एक श्वास. ‘सगळी पोरं एकदम ओरडली’ म्हणजे एका क्षणी. पण ‘मांजर एकदम समोर आलं’ म्हणजे अचानक, ‘एकदम पैसे भरा’ म्हणजे हप्ते न पाडता, आणि ‘एकदम मस्त’ म्हणजे पुरेपूर. चारही ठिकाणी मधे श्वास घ्यायला जागा नाही, ही एकच गोष्ट समान. ‘एका दमात’ मात्र निराळं. एका दमात तीन जिने चढले म्हणजे पायऱ्या एकामागून एकच चढल्या, थांबलो नाही इतकंच. ‘बरोबर’ही फारसीच, छातीला छाती भिडवून उभं राहणं. त्यातून आपल्याकडे समानता आली, सोबत आली, अचूकपणा आला, ‘बरोबर पाचला’ ही वेळही आली. ‘दरम्यान’ म्हणजे दोहोंच्या मधे. वर्तमानपत्रात तो बातमीच्या शेवटच्या परिच्छेदाचा दरवाजा झालाय. ‘दरम्यान, या प्रकरणी पोलीस अधिक तपास करत आहेत’ यात कशाच्या आणि कशाच्या दरम्यान, हे कुणीच सांगू शकत नाही. आणि इंग्रजीच्या ‘ॲट द सेम टाइम’चं ‘त्याच वेळी’ करणारे तर रोज भेटतात. ‘योजना चांगली आहे, त्याच वेळी ती खर्चिक आहे.’ इथं वेळ कुठून आली? इथं ‘पण’ हवा, ‘मात्र’ हवा, फार तर ‘तितकीच’. ज्या वाक्यातून घड्याळ काढून घेतलं तरी काही हरवत नाही, त्या वाक्यात ‘त्याच वेळी’ लिहू नये. ही कसोटी सोपी आहे आणि सहसा फसत नाही.

क्रियापदांकडे वळलं की मराठी आणखी बारीक विणते. ‘चालता चालता बोलला’ यात दोन्ही कामं एकाच माणसाची. ‘तो चालत असताना फोन आला’ यात एक लांबलचक काम आणि त्याला टोचणारा एक क्षण. ‘घरात पाऊल टाकतो न टाकतो तोच’ यात दोन क्षणांच्या मधली फट इतकी बारीक की होकार-नकार दोन्ही एकत्र लिहून ती दाखवावी लागते. ‘आल्या आल्या’ म्हणजे आल्यानंतरच, पण पाणी प्यायच्याही आधी. इंग्रजीचा ‘व्हाइल’ यातल्या निम्म्या ठिकाणी चालतो, म्हणून इंग्रजीवरून मराठी करणारा सगळीकडे ‘असताना’ लावत जातो आणि पानभर ‘असताना, असताना’ वाजत राहतं. आणि ‘इकडे… तिकडे’? कीर्तनात बुवा एका प्रसंगाला थांबवतात, उपरणं सावरतात आणि म्हणतात, ‘इकडे काय झालं…’ आणि ऐकणारा आपोआप काळात मागं जाऊन उभा राहतो. काळ एकच आहे हे सांगायला जागा बदलून दाखवायची. ‘एकीकडे पोळ्या लाटतेय, एकीकडे अभ्यास घेतेय’ म्हणणारी आई एकाच ओट्यापाशी उभी असते, तरी ‘कडे’ दोन असतात. म्हणजे काळाचं काम जागेच्या शब्दांकडून करून घ्यायची मराठीची खोड जुनी आहे. हे ध्यानात आलं की ‘एकत्रित भोगायच्या’ लिहिणाऱ्यावरचा राग थोडा ओसरतो. त्याचा हात भाषेच्या नेहमीच्या वळणानंच गेला. तिथं बेरीज दबा धरून बसलीय हे त्याला दिसलं नाही.

सगळ्यात अस्सल रचना मात्र कावळ्याची. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. ‘मी फलाटावर पोचायला आणि गाडी सुटायला एकच गाठ पडली’ हे ‘त्याच वेळी गाडी सुटली’पेक्षा कितीतरी जास्त सांगतं. दोन घटना आपापल्या वाटेनं आल्या, क्षणभर एका गाठीत अडकल्या, आणि एकीनं दुसरीला घडवलं नाही, हे सगळं त्यात आहे. संस्कृतात हाच कावळा ताडाच्या झाडावर बसतो, त्याला काकतालीय न्याय म्हणतात. औषध घ्यायला आणि ताप उतरायला गाठ पडली की माणूस औषधाला श्रेय देतो. म्हण त्याला तिथंच अडवते.

जुन्या पंडिती गद्यात यासाठी एक भलामोठा शब्द होता, ‘एकसमयावच्छेदेकरून’. अवच्छेद म्हणजे मर्यादा घालणं, तर्कशास्त्राच्या घरातला शब्द. एकाच समयाची कुंपणरेघ ओढून तिच्या आत जे येतं ते. आज वाचताना जीभ अडखळते, पण अर्थ अचूक आहे: बेरीज नाही, जागा नाही, निव्वळ काळ. ‘युगपत्’ त्याहून देखणा. युग म्हणजे जू. एका जुवाखाली दोन बैल शेजारी चालावेत तसं. ज्यानं औत हाकलंय त्याला ठाऊक असतं की जुवाखालचं बरोबर चालणं आपोआप येत नाही. एक बैल दांडगा असला तर तो पुढं ओढतो, दुसरा मागं फरफटतो, तास वाकडं जातं. मग जुवाची बांधणी मधोमध न ठेवता चार बोटं दांडग्या बैलाच्या बाजूला सरकवतात. त्याच्याकडची भुजा आखूड होते, ओझ्याचा मोठा वाटा त्याच्यावर येतो, आणि दोघांची पावलं जुळतात.

जुळवून घ्यावं लागतं, हे यंत्रांनाही चुकलेलं नाही. ‘सिंक्रोनस’ला विद्युत अभियांत्रिकीच्या मराठीत ‘तुल्यकालिक’ म्हणतात, वीजकेंद्रातले लोक मात्र ‘सिंक करणं’च म्हणतात. नवं जनित्र चालत्या ग्रिडला जोडायचं तर चार गोष्टी जुळाव्या लागतात: व्होल्टेज, वारंवारता म्हणजे आपल्याकडे ५० हर्ट्झ, तीन फेजांचा क्रम, आणि लाटेचा कोन. पहिल्या तीन जुळल्या तरी चौथी सतत निसटत असते. त्यासाठी सिंक्रोस्कोप नावाची तबकडी असते. जनित्र ग्रिडपेक्षा किंचित वेगात असेल तर काटा घड्याळाच्या दिशेनं हळूहळू फिरतो. चालवणारा वेग सावकाश उतरवत काटा अगदी मंद करतो आणि काटा बाराच्या खुणेपाशी येता येता ब्रेकर, म्हणजे जोडणीचा मोठा स्विच, टाकतो. नेमका बारावर आल्यावर बटण दाबलं तर उशीर होतो, कारण ब्रेकरला मिटायला स्वतःचा वेळ लागतो, म्हणून थोडं आधी दाबायचं. काटा सहापाशी असताना चुकून ब्रेकर मिटला तर दोन लाटा एकमेकींच्या उलट उभ्या असतात. अख्खं ग्रिड त्या एका जनित्राला हिसडा देऊन आपल्या ओळीत आणू बघतं, आणि त्या धक्क्यात दांडा पिळवटतो, कपलिंगचे बोल्ट तुटतात, गुंडाळ्या सैल होतात. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर ते सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनं दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी तुल्यकालिक झालं. तेव्हापासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या ग्रिडमधली जनित्रं एकाच ठेक्यात फिरतात.

घड्याळांना मात्र ते इतकं सहज साधलं नव्हतं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईनं आपली वेळ सोडली नाही. मुंबई ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं, प्रमाणवेळ साडेपाच तास पुढं, फरक ३९ मिनिटांचा. प्रमाणवेळेनं बारा वाजत तेव्हा मुंबईच्या वेळेनं अकरा वाजून एकवीस मिनिटं. १९५५पर्यंत या शहरात ‘एकाच वेळी’ म्हणणाऱ्याला ‘कुठल्या वेळेनं?’ असं विचारता येत होतं.

नावातच ‘सायमल्टेनियस’ असलेला एक व्यवसाय आहे, वक्ता बोलत असताना काचेच्या खोलीत बसून कानातलं तोंडात आणणाऱ्या दुभाष्यांचा. न्यूरेंबर्गच्या खटल्यात १९४५ मध्ये हे काम पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर झालं. दोघं जोडीनं बसतात, वीस ते तीस मिनिटांनी पाळी बदलतात, कारण त्यापुढं डोकं शब्द सोडायला लागतं. आणि खरं एकाच वेळी ते कधीच बोलत नाहीत, दोन-चार सेकंद मागं असतात. मराठीतून इंग्रजी करताना हे अंतर आणखी ताणतं. ‘समितीनं सुचवलेल्या या सर्व दुरुस्त्या आमच्या पक्षाला पूर्णपणे मान्य…’ इथवर सगळं हातात आलेलं असतं आणि तरी काहीच आलेलं नसतं. आहेत की नाहीत, ते शेवटच्या शब्दात. इंग्रजीला तो नकार वाक्याच्या सुरुवातीलाच लागतो. कसलेला दुभाषी तोवर दुरुस्त्यांबद्दलच बोलत राहतो, ‘समितीच्या या दुरुस्त्यांविषयी’ म्हणून वाक्याला तोंड फोडतो आणि क्रियापद उघडं ठेवतो. नवखा घाईनं होकार देऊन बसतो.

पण दोन वेगळ्या वाटांनी धावत येऊन एका क्षणी मिळणं, ‘कन्करंट’चा तो मूळ अर्थ, सगळ्यात शुद्ध ऐकू येतो तो गाण्याच्या बैठकीत, आणि तिथला शब्द अक्षरशः ‘सम’ आहे. तीनताल, सोळा मात्रा, पहिलीवर सम, नववीवर खाली. तबलजी ठेका धरून असतो आणि गाणारा त्या सोळा घरांतून आपल्या मर्जीनं हिंडत असतो. कुठं लांबवतो, कुठं दोन घरं ओलांडतो. मग तिहाई येते. पाच मात्रांचा एक तुकडा, शेवटच्या मात्रेवर ‘धा’, तीनदा. समेपासून निघून पुढच्या समेवर पडायचं तर दोन्ही टोकं धरून सतरा मात्रा मोजाव्या लागतात. पाच त्रिक पंधरा, म्हणून दोन तुकड्यांच्या मधे एकेक मात्रा रिकामी सोडायची: पाच, एक, पाच, एक, पाच. तिसरा ‘धा’ सतराव्या मात्रेवर, म्हणजे समेवर पडतो. त्या दोन रिकाम्या मात्रा घाईत गिळल्या तर ‘धा’ पंधराव्यावरच येऊन आदळतो, तबला अजून दोन पावलं मागं, आणि ऐकणाऱ्याची अर्धी वर आलेली मान तशीच थांबते. जमलं तर गाणारा, तबला, पेटी, तंबोऱ्यावर बसलेला शिष्य आणि सतरंजीवरचे सगळे एका ठोक्यावर खाली येतात. कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. त्या क्षणाला ‘एकाच वेळी’ म्हणवत नाही, ‘समेवर आले’ म्हणतात.

पायऱ्यांवर तो कारकून परत वर जायच्या घाईत होता, पण त्या बाईच्या बोटाखालून ‘एकत्रित’ सुटेना, तेव्हा तो एक पायरी खाली बसला. त्यानं वर्तमानपत्र उलटं केलं, जाहिरातीच्या कडेची पांढरी पट्टी शोधली आणि पेनानं एक उभी रेघ मारली. ‘हा निकालाचा दिवस.’ त्या रेघेपासून उजवीकडे त्यानं तीन आडव्या रेघा काढल्या, एकीखाली एक. वरची छोटी, मधली तिच्या तिप्पट, खालची पानाच्या कडेपर्यंत. ‘तिन्ही इथनंच सुटतात.’ बाईनं छोट्या रेघेवरून बोट नेलं, मग मधल्या, मग खालच्या रेघेच्या टोकापर्यंत नेऊन तिथं थांबवलं. ‘इथं सुटंल?’ ‘इथंच.’ मग तिनं बातमीतली दुसरी ओळ दाखवली, पाच हजार दंड, न भरल्यास तीन महिने. कारकुनानं खालच्या रेघेच्या टोकाला आणखी एक बारीकसा तुकडा जोडला, वर्तमानपत्राच्या कडेवरून तो मांडीवरच्या पिशवीवर उतरला. तिनं त्या तुकड्याकडे बघितलं, पिशवी उघडली आणि तळाशी बांधलेल्या रुमालाची गाठ सोडायला लागली. ‘हा नको,’ ती म्हणाली. ‘दंड कुठल्या खिडकीला भरायचा?’